ठाणे खाडीतले म्युटंट प्राणी: स्वतःचा ऑनलाइन रोलप्लेइंग गेम कसा रचाल

म्युटंट प्राणी म्हणजे अंगात बदल होऊन थोडेफार माणसासारखे झालेले प्राणी, आणि रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायची गोष्ट. असा गेम करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी शक्तींची यादी करायला बसतात. पंख, विषारी नखं, अंधारात दिसणारे डोळे, भिंतीतून आरपार जाणं. मग प्रत्येक खेळाडू त्यातलं जमेल तेवढं उचलतो आणि आठवड्याभरात सगळी पात्रं सारखीच होतात. फरक उरतो तो फक्त शेपटीच्या रंगात.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. प्रत्येक शक्ती त्या प्राण्याच्या खऱ्या अंगातून आली पाहिजे, आणि तिची किंमत अशी हवी की ती भरून काढायला दुसऱ्या खेळाडूची गरज पडेल. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. उदाहरणासाठी मी ‘खाजण’ नावाचा गेम धरला आहे, आणि तो घडतो ठाणे ते बेलापूरच्या पट्ट्यात. तुम्ही नाव बदला, प्राणी बदला, पण ओळखीची जागा मात्र सोडू नका.

आधी जागा, मग प्राणी

काल्पनिक जंगल रचायला महिनोन् महिने जातात आणि तरी ते पोकळ वाटतं. आपल्याकडे तयार जग पडलेलं आहे. ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली खाडीचं सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. एका बाजूला तिवरांचं रान आणि चिखल, मध्ये रबाळे-महापेचा एमआयडीसी पट्टा, वर पारसिकचा डोंगर, पलीकडे येऊर. ठाण्याचा मासुंदा तलाव आणि तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट याच नकाशात बसतात.

कागदावर सहा-सातच ठिकाणं काढा. प्रत्येक ठिकाणासमोर तीन गोष्टी लिहा: इथे खायला काय मिळतं, इथून कुठे जाता येतं आणि इथे कोणाला धोका आहे. एपीएमसीत कांद्याबटाट्याचा आणि फळांचा कचरा, म्हणजे घुशी, कावळे आणि कुत्रे यांचं राज्य. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग म्हणजे पावसाळ्यातही कोरडा राहणारा रस्ता, पण दर काही मिनिटांनी जिवावर बेतणारा.

नवी मुंबईतल्या एका जागेकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिच्याएवढं चांगलं रणांगण शोधून सापडणार नाही. ती जागा म्हणजे धारण तलाव, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. शहराचा बराच भाग सखल असल्याने पावसाचं पाणी नाल्यांतून आधी या तलावांत येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपेसारखी दारं असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने ती लागतात आणि समुद्र आत येत नाही. ओहोटी लागली की तलावातलं पाणी त्यांना आतून ढकलून बाहेर पडतं. म्हणजे दिवसातून दोनदा आपोआप उघडणारं आणि दोनदा लागणारं दार! भरतीला झडप अडली तर सेक्टर बुडतो, ओहोटीला अडली तर पावसाचं पाणी तुंबतं. एवढ्यावर अख्खं कथानक उभं राहतं.

प्राणी म्युटंट कशामुळे झाले? कारखान्यातून रसायन सांडलं हे उत्तर इतकं घासून गुळगुळीत झालंय की खेळाडू ते ऐकतच नाहीत. मी कारण ठरवतच नाही. तीन अफवा ठेवतो आणि प्रत्येक टोळी एकीवर विश्वास ठेवते. डोंगरावरचे म्हणतात खाणीतून काहीतरी बाहेर आलं, खाडीतले म्हणतात चिखलाने स्वतःच दिलं, मार्केटमधले म्हणतात माणसांनी मुद्दाम केलं. खरं काय ते गेम चालवणाऱ्या सूत्रधारालाही माहीत नसलं तरी चालतं.

भरती-ओहोटीचं घड्याळ

या गेममध्ये दिवस आणि रात्र एवढंच वेळापत्रक ठेवलं तर खाडी वाया गेली समजा. वेळ भरतीवर चालू द्या. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना तोच हिशोब. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि मधल्या वेळेत ओहोटी. गेमसाठी एवढा अंदाज पुरतो. पंधरा ओळींचा तक्ता करून ठेवला की खऱ्या कॅलेंडरवरूनच गेममधलं पाणी चढतं-उतरतं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती बऱ्याचदा साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. गेममधले मोठे प्रसंग उधाणाला ठेवा. सौदे, भांडणं, लग्नं भांगाला. खेळाडू आपोआप तिथी बघायला लागतात. नेरूळचा एक कॉलेजचा मुलगा आता घरच्या कालनिर्णयवर गेमच्या खुणा करतो, आणि त्याच्या आजीला त्याचं भारी कौतुक आहे.

प्राण्याचा अभ्यास

सुरुवातीला पाच प्राणी पुरे. प्रत्येकावर अर्धं पान लिहा, पण लिहिण्याआधी वाचा, बघा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट नेतात, तेवढी फेरी तरी कराच. तिवरांत स्वतः शिरू नका. चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि ते रान संरक्षित आहे.

निवटी घ्या. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा. हा श्वास घेतो ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून, आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. पुढच्या परांवर रेटत चालतो आणि मधेच चिखलात कूस बदलून अंग भिजवून घेतो. हे एवढं बघितलं की पात्राची शक्ती आणि उणीव दोन्ही हातात येतात: जमिनीवर चालतो, पण अंग सुकलं की गुदमरतो.

चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, तर गेमसाठीच जन्मली आहे. तिला वाढायचं असेल तर कवच टाकावं लागतं, आणि नवं कवच कडक होईपर्यंत ती मऊ, असहाय असते. तुटलेली नांगी पुढच्या काही काती टाकताना परत उगवते. म्हणून ‘खाजण’मध्ये चिंबोरीला पुढची पातळी गाठायची असेल तर ती कात टाकते आणि पुढचं अख्खं सत्र मऊ राहते. त्या सत्रात बाकीच्यांनी तिला जपायचं. इतर गेममध्ये पातळी वाढली की खेळाडू मिरवतो. इथे चिंबोरीचा खेळाडू आधी मित्रांना विचारतो, ‘या वेळी सांभाळाल ना?’ गेम चालतोय हे मला या प्रश्नावरून कळतं.

कोल्हा म्हणजे तिवरांत राहणारा सोनेरी कोल्हा. खेकडे खातो, कोल्हेकुईने दूरवर निरोप देतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, डोकं उलटं करून चोचीतल्या गाळणीने पाणी गाळतो. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, तेव्हा गेममध्ये उपाशी रोहित फिका पडतो आणि लपवू म्हटलं तरी त्याची भूक लपत नाही. पाचवा येऊरचा बिबट्या.

वटवाघूळ घेणार असाल तर एक खबरदारी. प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात ती किडे खाणारी छोटी वटवाघळं. वडाच्या झाडावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं डोळे आणि नाकावर चालतात. त्यांना प्रतिध्वनीची शक्ती दिलीत तर प्राण्यांची माहिती असलेला खेळाडू पहिल्याच दिवशी पकडेल.

गुणांचा हिशोब

गुण खर्चून प्राण्याला माणसाचे अवयव देण्याची पद्धत टेबलावरच्या खेळांत १९८०च्या दशकापासून आहे. ती अजून टिकली आहे, कारण ती न्याय्य आहे. माझी मांडणी अशी.

प्रत्येक पात्राला एकूण २४ गुण. त्यातून आधी प्राण्याच्या मूळ अंगाची किंमत वजा होते: बिबट्या १४, रोहित ११, कोल्हा १०, चिंबोरी ९, निवटी ६. उरलेल्या गुणांतून चार मानवी गोष्टी घ्यायच्या: हात, उभं राहणं, वाचा आणि रूप, म्हणजे माणसासारखं दिसणं. प्रत्येकीच्या शून्य ते तीन पायऱ्या. पहिल्या पायरीला एकूण २ गुण, दुसरीला ५, तिसरीला ९. किंमत चढत जाते म्हणून सगळंच तिसऱ्या पायरीवर नेणं कोणालाच परवडत नाही.

पायऱ्यांचे अर्थ स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक सत्रात वाद होतील. हात शून्य म्हणजे पंजा, पर किंवा नांगी जशीच्या तशी. एक म्हणजे वस्तू धरता येते, दोरी ओढता येते. दोन म्हणजे गाठ मारता येते, कुलूप उघडता येतं. तीन म्हणजे सुईत दोरा ओवता येतो. वाचा एकला तुटक शब्द, दोनला बोली, तीनला माणसाला फोनवर फसवता येईल इतकी सफाई.

निवटीकडे १८ गुण उरतात. हात तीनवर ९, वाचा दोनवर ५, उभं राहणं एक आणि रूप एक यांचे ४. झाले १८. म्हणजे बोटभर माशाचा हात पाचही प्राण्यांत सर्वांत कुशल! बिबट्याकडे फक्त १० उरतात; हात एक, वाचा दोन, रूप एक घेतलं की ९ संपले आणि उरलेल्या एकात काही येत नाही. ताकद अफाट, पण गाठ मारायला निवटीच लागणार. हेच मला हवं आहे.

कोल्ह्याच्या १४ मधून वाचा दोन, हात एक, उभं राहणं एक घेतलं की ५ उरतात. ते त्या प्राण्याच्या खास शक्तीवर लावू द्या, त्याच दराने. कोल्हेकुई दोनवर गेली की ऐरोलीची हाक घणसोलीला पोचते.

उणीव प्रत्येकाला सक्तीची, आणि तिच्या बदल्यात एकही गुण द्यायचा नाही. उणीव घेतल्याबद्दल गुण दिले की खेळाडू ‘मला रविवारी सर्दी होते’ असल्या नावापुरत्या उणिवा विकत घेतात. उणीव प्राण्याच्या अंगातूनच निघाली पाहिजे. निवटी दोन प्रसंग पाण्याबाहेर राहिली की तिच्या प्रत्येक फाशातून एक वजा.

फासे

दोन साधे सहाबाजूंचे फासे, त्यात पायरी मिळवायची, ८ किंवा जास्त आले की काम फत्ते. पायरी शून्य असेल तर ३६ पैकी १५ वेळा जमतं. एक असेल तर २१ वेळा, दोनला २६, तीनला ३०. चारवर गेलात की ३३, आणि फासे टाकण्यातली धाकधूक संपते. म्हणून सगळं मिळून तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम पक्का ठेवा.

ओहोटीला चिखलात कोल्हा, निवटी आणि रोहित यांना एक जास्त, भरतीला पाण्यात एक कमी. चिंबोरीचं नेमकं उलटं. बिबट्याला खाडीत कायम एक कमी, डोंगरावर एक जास्त.

पहिलं सत्र नुसत्या मजकुरावर

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी चार-पाच जणांचा डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि लेखी खेळा. एक ग्रुप गोष्टीचा, दुसरा गप्पांचा. दोन्ही एकत्र केलेत की कथा मिम्समध्ये बुडते. लेखी खेळाचा वंश जुनाच आहे: १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी असाच शब्दांवर चालणारा सामायिक खेळ सुरू केला, आणि आजचे ऑनलाइन रोलप्लेइंग गेम बरेचसे त्या घराण्यातले.

आमच्या ग्रुपवरचा एक तुकडा देतो.

सूत्रधार: षष्ठी. पहाटेचे साडेतीन. पूर्ण भरतीला एक तास आहे. तलावाच्या झडपेत ओंडका अडकलाय, दार लागत नाहीये. खारं पाणी आत यायला लागलंय.

बाळ्या (कोल्हा): मामा, तुम्ही नांगीने तोडा ना तो.

नांगरेमामा (चिंबोरी): अरे, परवाच कात टाकली मी. कवच अजून मऊ आहे. नांगी लावली तर नांगीच जाईल.

शेवंता (निवटी): थांबा, मी खालून जाते. दोरी बांधते. बाळ्या, तू वरून ओढ.

शेवंताचे हात तीन, भरतीमुळे एक कमी, म्हणजे दोन. फासे ४ आणि ३, एकूण ९. गाठ बसली. बाळ्याचा हात एक. फासे ३ आणि ३, एकूण ७. एकाने हुकलं.

सूत्रधार: ओंडका हलतो, पण बांधावरून तुझा पाय सरकतो आणि तोंडातून हूक निघते. दोरी हातात आहे. मागे सेक्टरातले कुत्रे उठलेत.

हुकलेल्या फाशाला ‘काही झालं नाही’ असं उत्तर कधी देऊ नका. परिस्थिती बदललीच पाहिजे. आणि इथे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज कशी पडली बघा: मऊ कवच, कुशल पण बारके हात, ओढायला ताकद. हा प्रसंग लिहून ठेवावा लागला नाही, तो गुणांच्या हिशोबातून निघाला.

सॉफ्टवेअर आणि मराठीची गाठ

लेखी गेम चालतो अशी खात्री पटली की पुढे जा. मजकुराचाच गेम सर्व्हरवर चालवायचा असेल तर पायथनमध्ये लिहिलेलं एव्हेनिया हे मुक्त साधन आहे. चित्रांचा हवा असेल तर गोडो हे गेम बनवायचं साधन वापरा, पण चौथी आवृत्ती किंवा त्यापुढची, कारण तिथपासून देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. फाँटसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि छोट्या आकारातही वाचता येतो.

खरी अडचण टंकलेखनात येते. ‘ॲ’ हे अक्षर एकाच कोडने लिहिता येतं किंवा ‘अ’ला चंद्र जोडूनही. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. संगणकावरच्या अक्षरांचे कोड ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये सारख्या अक्षरांना एकाच रूपात आणायची सोय असते, पण हे नेहमीचं सामान्यीकरण हे भेद मिटवत नाही. त्यामुळे लॉगिनला ‘असं पात्र नाही’ असं उत्तर येतं आणि खेळाडू वैतागतो. तुम्हाला बदलीचा छोटा तक्ता स्वतः लिहावा लागेल, आणि नाव साठवतानाही, शोधतानाही तो लावावा लागेल.

आज्ञा छोट्या ठेवा: बघ, हुंग, ऐक, चढ, पोह, दे. पण मराठीत कोल्हा बघताना आपण ‘कोल्ह्याला बघ’ म्हणतो, आणि संगणकाला कोल्हा आणि कोल्ह्याला यांचं नातं माहीत नसतं. प्रत्येक वस्तू आणि पात्रासोबत त्याचं सामान्यरूप साठवा: कोल्हा–कोल्ह्या, दोरी–दोरी, तलाव–तलावा. आज्ञेतल्या शब्दाची सुरुवात त्याच्याशी जुळवली की ला, ने, वर, खाली सगळं निभावतं. नवीन पात्र तयार करताना खेळाडूलाच विचारा: ‘तुझ्या नावाला “ला” लावून दाखव.’ सर्वांत सोपा मार्ग तोच.

चित्रांसाठी थर वापरा. एका प्राण्याचे हात, उभं राहणं आणि रूप यांच्या चार-चार पायऱ्या म्हणजे ६४ जोड्या. पाच प्राण्यांच्या ३२०. सगळ्या काढत बसलात तर गेम कधीच येणार नाही. त्याऐवजी प्राण्यामागे चार धडं, चार हात, चार चेहरे काढा, म्हणजे एकूण ६० चित्रं. प्रत्येक धडावर खांदा आणि मान कुठे जोडायची याचे बिंदू नोंदवून ठेवा. धड आडवं असो की उभं, हात त्या बिंदूला अडकतो.

पैसे, मुलं आणि मर्यादा

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून जिंकण्या-हरण्याच्या खेळांवर बंदी आणली आहे. तेव्हा खऱ्या पैशांच्या पैजा आणि बक्षिसाच्या आशेने भरायची रक्कम, हे गेममध्ये आणूच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. सर्वांत शहाणपणाचं म्हणजे माहितीच कमीत कमी घ्या. फोन नंबर, शाळा, राहता सेक्टर यातलं काहीही गेमला लागत नाही. मोठ्यांचा आणि मुलांचा ग्रुप वेगळा ठेवा.

पहिल्या सत्राआधी प्रत्येकाला खासगीत विचारा की गोष्टीत काय नको. प्राण्यांच्या गेममध्ये शिकार, पिंजरा, प्रयोगशाळा हे सगळं येतं, आणि काहींना ते झेपत नाही. उत्तरांची यादी नाव न घेता सगळ्यांना सांगा आणि पाळा.

अनोळखी लोकांवर चाचणी

मित्रांवर घेतलेल्या चाचणीत सगळं छानच निघतं. चार अनोळखी खेळाडू आणा, नियमांचं फक्त एक पान द्या आणि गप्प बसा. बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि कुरघोडी करणारे. तुमच्या चौघांत कोण कोण आहे ते टिपा. खाडीच्या गेमचा धुंडाळणाऱ्यांना लवकर लळा लागतो. कुरघोडीवाल्यांसाठी टोळ्यांमधले हद्दीचे वाद ठेवा, नाहीतर ते मऊ चिंबोरीलाच खातील.

सत्र संपल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘तुला कोणाची मदत मागावी लागली?’ एखाद्याचं उत्तर ‘कोणाचीच नाही’ असं आलं तर त्याच्या प्राण्याच्या मूळ अंगाची किंमत दोन गुणांनी वाढवा आणि पुढच्या उधाणाला पुन्हा खेळा. एखाद्याला दर वेळी मागावी लागली तर दोन गुणांनी कमी करा. एका वेळी एकाच प्राण्याचा आकडा हलवा. दोन हलवलेत तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.